आर्थर मॉर्गन आणि सविकल्प समाधी

गेल्या दिवाळीत बेळगावी अभियांत्रिकी शिकणारा माझा पुतण्या चिकोडीला घरी आला होता. एका रात्री दोनच्या सुमारास माडीवर दिवा दिसला म्हणून वर गेलो, तो हा संगणकासमोर डोळे पुसत बसलेला. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाला, "काका, आर्थर गेला." कोणी वर्गमित्र असावा असे वाटून काळजात धस्स झाले. चौकशीअंती कळले की आर्थर मॉर्गन हा २०१८ साली निघालेल्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' या अमेरिकन व्हिडिओ गेमचा नायक, आणि धंद्याने दरोडेखोर. मला प्रथम हसू आले. मग आठवले, अण्णा भाऊ साठे यांची १९५९ सालची 'फकिरा' वाचून याच माडीवर मीही रडलो होतो. तोही सरकारच्या लेखी दरोडेखोरच होता. तेव्हा हसण्याचा अधिकार मला नव्हता.

पुढचे चार दिवस त्याच्याशेजारी बसून मी तो खेळ पाहिला. काळ १८९९ चा, म्हणजे घोडेस्वार टोळ्यांचे दिवस भरत आलेले. अमेरिकेचा तो जुना मुलूख मराठी वाचकाला अगदीच परका नाही. आपल्या तालुक्यातल्या एकसंब्याला जन्मलेल्या जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरचे 'रान', 'शिवार', 'गाव' मराठीत आणून तो आपल्या घरी पोहोचवलाच आहे. अर्थात रिक्टरची माणसे जंगल तोडून वस्ती करणारी, ही वस्ती लुटणारी. या खेळात गोष्टीच्या वाटेवरून हवे तेव्हा उतरता येते. नदीवर मासे धरावेत, डोंगरावर शिकार करावी. आर्थरची दाढी वाढते, ती करावी लागते. घोड्याला चारावे, खरारा करावा लागतो. तो वहीत चित्रे काढतो, ती आपण पाहावयाची. दीड महिना पुतण्याने त्याची ही उस्तवारी केली होती. ज्याचे उष्टे-खरकटे काढावे त्याचीच माया लागते, हे आपल्या घरातील बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. त्या रात्रीच्या अश्रूंचा निम्मा उलगडा मला येथेच झाला.

उरलेला निम्मा अवघड आहे. परक्याचे काल्पनिक दुःख आपल्याला का भिडते, याचा विचार आपल्याकडे भट्टनायकापासून चालत आला आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून तात्यासाहेब केळकरांनी त्याला 'सविकल्प समाधी' असे नाव दिले. वाचक पात्राशी एकरूप होतो, तरी स्वतःचे भान सोडत नाही. दोन्हीकडे असण्यातच त्याचा आनंद. पण तात्यासाहेबांचा वाचक हात बांधून बसलेला होता. फकिराने खजिना लुटला, तर ते त्याने केले आणि अण्णा भाऊंनी लिहिले. माझ्याकडे फक्त वाचणे होते. येथे मात्र बटणावर बोट पुतण्याचे असते. सज्जनपणाने वागावे की दुष्टपणाने, हे बऱ्याच ठिकाणी खेळणाराच ठरवतो. खेळ त्याचा हिशेब ठेवतो, आणि आर्थरचा शेवट कसा व्हावा हेही त्यावर अवलंबून असते.

एका ठिकाणी मात्र विकल्प नाही. टोळीतला एक जण सावकारी करतो, आणि वसुलीला आर्थरला धाडतो. थॉमस डाऊन्स नावाचा खोकणारा, कर्जबाजारी शेतकरी. आर्थरने त्याला त्याच्याच कुंपणाशी मारले पाहिजे. नाहीतर कथा पुढे सरकत नाही. डाऊन्स खोकतो आणि रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडतात. पुढे डाऊन्स मरतो, घर धुळीला मिळते आणि आर्थरला क्षय होतो. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ सालीच शोधला होता, पण स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले. १८९९ च्या माणसाला सुटका नव्हती. दिवस मोजत असता आर्थर बदलतो. सावकारी करणाऱ्याला टोळीतून हाकलतो, आणि खेळणाऱ्याने मनावर घेतले तर डाऊन्सच्या विधवेला आणि मुलाला शोधून पैसे देतो.

मी पुतण्याला म्हणालो, "अरे, मारणे सक्तीचे होते, मग तुझा दोष कोणता?" तो म्हणाला, "पण बटण मीच दाबलं ना, काका. आणि तेव्हा मला काही वाटलंसुद्धा नाही."

'रिडेम्प्शन' हा शब्द आमच्या दफ्तरात येई तो गहाण सोडवून घेण्याच्या अर्थाने: मुद्दल आणि व्याज भरा, जमीन सोडवा. १९८७ च्या दुष्काळात मी नोकरीत नवा होतो आणि वसुलीच्या पथकासोबत फिरत होतो. एका घरातून आम्ही पाण्याचा तांब्याचा हंडा उचलला. आतले पाणी त्या बाईने आमच्यासमोर अंगणातल्या तुळशीला ओतले, आणि हंडा स्वतः उचलून माझ्या हाती दिला. पंचनाम्यावर सही माझी होती. हुकूम वरून आला होता, कायदा सरकारच्या बाजूने होता, आणि मी सही केली नसती तर दुसऱ्या कोणी केली असती. ही तिन्ही कारणे खरी आहेत. गेली पस्तीसहून अधिक वर्षे मी ती स्वतःला ऐकवीत आलो आहे. ज्या गोष्टीचा दोष आपल्याकडे येत नाही, ती इतक्यांदा का ऐकवावी लागते, हा प्रश्न मला पुतण्याच्या त्या उत्तरापर्यंत पडला नव्हता.

खेळातले अश्रू स्वस्त असतात हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो बराचसा मान्यही आहे. डाऊन्सची बायको कोठेच नाही; तिला पैसे दिल्याने कोणाची चूल पेटली नाही. खेळ पुन्हा सुरू केला की डाऊन्स कुंपणाशी जिवंत उभा असतो. तरीही त्या पोराला आर्थर सज्जन वाटला म्हणून तो रडला, असे मला वाटत नाही. आर्थरने उशिरा का होईना हिशेब उघडला, आणि त्या हिशेबात पोराचे स्वतःचे बोट होते.

हंड्याची हकीकत मी घरात कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. पुतण्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग काका, त्या घराकडं परत कधी गेला होता काय?"

मी म्हणालो, "नाही. पुढच्याच वर्षी माझी बदली झाली."

तो काही बोलला नाही. खेळ त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केला होता; पडद्यावर बर्फ पडत होते.