शंकासमाधान : एकादशी, इन्सुलिन आणि प्रारब्ध

शंका : मधुमेहाला बरीच वर्षे झाली, आता दोन वेळा इन्सुलिन घेते. एकादशी सासूबाईंनी लावून दिलेली, कधी मोडली नाही. गेल्या आषाढीला सकाळचे इंजेक्शन घेऊन निर्जळी राहिले. दुपारी दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. सुनेने बळेच साखरपाणी पाजले. एकादशी मोडल्याची रुखरुख जात नाही. प्रायश्चित्त काय घ्यावे?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली जिल्हा

समाधान : काहीच नाही, कारण व्रत मोडलेलेच नाही. व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी शास्त्रकारांनी सांगून ठेवल्या आहेत : पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. सूनबाईंनी पाजले ते औषधच होते. ज्या गावच्या विठोबासाठी तुम्ही उपाशी राहता, त्याच पंढरपुरात काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० मध्ये ‘धर्मसिंधु’ लिहून पुरा केला. अशक्ताने उपवासाऐवजी नक्त करावे म्हणजे फक्त रात्री जेवावे, फळे-दूध घ्यावे, तेही झेपत नसेल तर घरातल्या कुणी त्याच्या वतीने उपास धरावा, अशी सोय त्यात आहे. ही पळवाट नव्हे. शास्त्रकारांनाही आजारी माणसे ठाऊक होती.

आता देहाचे. एकदा टोचलेले इन्सुलिन तिथी पाहत नाही. पोटात अन्न नसले तरी ते साखर उतरवत राहते. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड सुरू होते. पुढे भान हरपते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, आकडा वर आला नसेल तर पुन्हा घ्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. सूनबाईंचे आभार मानलेत का? पत्रात तसा उल्लेख नाही.

दुसरी गंमत फराळाची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा, वर रताळ्याचे गोड काप. सकाळी तळाला गेलेली साखर संध्याकाळी माडीवर. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे मधुमेह्याला तर मुळीच परवडत नाही. तेव्हा पुढच्या आषाढीच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे जा, ‘मला त्या दिवशी हलके खायचे आहे, इंजेक्शनचे काय करू?’ असे सरळ विचारा आणि ते सांगतील तसे करा. डोस आपल्या मनाने कमी करू नका, चुकवूही नका. उपास मुलाला धरू द्या. हरिपाठ तुम्ही म्हणा.

शंका : मला संधिवात आहे, बोटे वाकू लागली आहेत. जाऊबाई म्हणतात, ‘मागच्या जन्मीचे फेडतेयस.’ मांडी घालता येत नाही म्हणून पूजाही सुटली. खरेच हे पापाचे फळ आहे का?
— एक गृहिणी, नाशिक

समाधान : तुमचा आजार आमवात म्हणतात तो असावा. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना तो दुपटी-तिपटीने होतो. मग बायकांची पापे पुरुषांच्या तिप्पट धरायची का, हे जाऊबाईंना विचारून पाहा.

‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात समर्थांनी तीन तापांचे वर्णन केले आहे. देह, इंद्रिये आणि प्राण यांच्यामुळे सोसावा लागतो तो आध्यात्मिक ताप. रोगांची भली लांबलचक यादी त्यांनी तिथे, सहाव्या समासात दिली आहे. शुभाशुभ कर्मांमुळे मरणानंतर भोगावे लागते त्याचा समास वेगळा, आठवा. कर्मविपाक सांगणारे ग्रंथ आपल्याकडे आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्यातला हिशेब तपासण्याचे काम कुणी नातेवाइकांकडे सोपवलेले नाही. रामकृष्ण परमहंस १८८६ मध्ये घशाच्या कर्करोगाने गेले, रमण महर्षी १९५० मध्ये हाताच्या गाठीच्या आजाराने. दोघांवरही डॉक्टरांचे उपचार झाले. त्यांची पापे कोण मोजणार?

पूजा खुर्चीवर बसून करा. देव टेबलावर, हाताच्या उंचीला मांडा. सकाळी सांधे आखडलेले असतात. गरम पाण्याने शेकून, दहा वाजता केली तरी चालेल. फुले वाहायला नातवंडांना बसवा, तीही शिकतील.

शंका : दम्यासाठी अनेक महिने स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. नामस्मरणाने बरे वाटते. सत्संगातले एक गृहस्थ म्हणतात, ‘नामावर श्रद्धा असेल तर गोळ्या सोड.’
— एक वाचक, रत्नागिरी

समाधान : या गृहस्थांना चष्मा असेल तर तो त्यांनी आधी सोडावा. या गोळ्या फार दिवस घेतल्या की शरीर त्यांच्यासारखाच आपला स्राव स्वतः तयार करणे कमी करते. मग गोळ्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. त्या थांबवायच्याच असतील तर हळूहळू, डॉक्टर सांगतील त्या क्रमाने उतरवाव्या लागतात. नाम सोडायला कुणी सांगितलेले नाही. ते आणि गोळी दोन्ही एकाच वेळी घेता येतात. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा त्या गृहस्थांनाही बरोबर न्या, आणि तोवर एकही गोळी चुकवू नका.