शिलोहाचा बुरूज आणि किल्लारी

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात भूकंपानं हजारो माणसं मेली, ती बहुतेक स्वतःच्याच घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचं ओझं. तरीही प्रश्न उरतोच, देवानं हे का होऊ दिलं?

लूकच्या तेराव्या अध्यायात येशूसमोर असाच प्रश्न आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते का? तो साफ नाही म्हणतो. चर्चमध्ये वाढलेल्या मला हे ‘नाही’ फार मोलाचं वाटतं. १९३४च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, टागोरांनी हरकत घेतली. इथं मी टागोरांच्या बाजूचा.

अडचण येशूच्या पुढच्या वाक्याची आहे. पश्चात्ताप करा, नाहीतर तुमचाही नाश होईल. हे मेलेल्यांविषयी नाही, जिवंत राहिलेल्यांसाठी आहे, असा खुलासा उपदेशात होतो. बरोबरच आहे. पण ज्याची लेकरं ढिगाऱ्यात गेली तोही जिवंत राहिलेलाच. त्याला हे ऐकवायला माझी जीभ रेटत नाही.

ईयोबाचे मित्र आधी सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. मग ते देवाची बाजू मांडू लागले, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावरच.