शंकराची साक्ष

भांग-गांजाला कायद्याने मुभा असावी काय, या वादात मुभेचा कैवार घेणारी मंडळी बहुधा पहिला साक्षीदार म्हणून शंकरालाच पाचारण करतात. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोमाच्या अग्रेसरत्वाखाली दर्भ व यव यांच्या पंक्तीला भंगेचेही नाव आहे, काशीत भांगेची दुकाने सरकारी परवान्याने चालतात, महाशिवरात्रीला थंडाई घोटली जाते, असे दाखले मांडतात आणि खटला जिंकल्याचे समाधान मानतात. दाखले खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

शंकराला धोतऱ्याचे फूल आणि फळही वाहतात, पण वाहणारा भाविक धोतरा खात नाही. तेव्हा देवाला जे अर्पण होते ते सारेच भक्ताचे भोज्य ठरत नाही. भांग तर प्रसाद म्हणून वाटली जाते, हा आक्षेप येथे येईल व तो योग्यही आहे. परंतु प्रसादाला पर्वकाळ असतो, प्रमाण असते, आणि गोसाव्याच्या चिलमीमागे घरदार, नाव व वारसाहक्क यांवर सोडलेले पाणी असते. यालाच आपले शास्त्र अधिकारभेद म्हणते. कायदा अधिकारभेद जाणत नाही, आणि जाणूही नये. म्हणून एकाला व्रताच्या अटींवर मिळालेली सवलत सर्वांचा बिनशर्त हक्क म्हणून मागणे, हा धर्मावरच अन्याय आहे. (निर्व्यसनी राहण्याचे व्रत घेणारा माळकरी वारकरी हाही याच संस्कृतीचा वारस, हे या मंडळींना क्वचितच आठवते.)

त्यापेक्षा भांग-गांजाची चौकशी करणाऱ्या 1893-94 च्या कमिशनचा मार्ग सरळ. विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावर हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या या कमिशनने 1193 साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांची दफ्तरे उलगडली, वेडाचे खापर गांजावर फोडणाऱ्या पुष्कळ नोंदी चौकशीत टिकत नाहीत असे पाहिले, आणि बेताचे सेवन सामान्यतः निरुपद्रवी, अतिरेक घातक, सबब सर्वस्वी बंदी न घालता नियमन व कर यांवर भागवावे, असा अभिप्राय दिला. अबकारी महसूल सरकारला प्रिय होता, हे अर्थात विसरू नये. मुंबईचे सनदी अधिकारी आणि गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांचे भांगेच्या धार्मिक स्थानावरील रसाळ टिपण त्या अहवालाला जोडलेले आहे. पण वेडाच्या प्रश्नाचा निकाल टिपणाने नव्हे, दफ्तरांनी लावला.

1985 च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, अशी व्याख्या करून निव्वळ पान वगळले, तर आपल्या महाराष्ट्रातील 1949 चा दारूबंदी कायदा पानालाही धरतो. परिणामी काशीत राजरोस विकली जाणारी गोळी येथे बिनपरवाना बाळगणे हा गुन्हा होतो. शेंड्याच्या सेवनाला मात्र देशभर सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. विक्रीवरचा अंकुश राहू द्यावा, पण ही कैद रद्द व्हावी, असे माझे मत आहे. कारण स्वखुशीने उपचार पत्करणाऱ्या व्यसनाधीनाला त्याच कायद्यात खटल्यातून सुटण्याची वाट ठेवलेली आहे, आणि वर्षातून एकदा जत्रेत चिलीम ओढणाऱ्याला, तो व्यसनी नसल्यामुळेच, ती वाट मोकळी नाही.