परभाषा शिकणाराचा हेतु

परदेशीं सरकारचा वकील म्हणून जाणारा मनुष्य तेथील लोकांची भाषा शिकूं लागला, तर तो त्या लोकांचा मान करितो, कीं केवळ आपल्या धन्याचें काम सोपें करितो? हा प्रश्न आमच्या मालवण किनाऱ्यावरील मंडळ्यांच्या कामाचा नाहीं, असें प्रथम वाटेल. परंतु जो कोणी आपलें घर सोडून दुसऱ्याच्या गांवीं बोलावयास जातो, त्या प्रत्येकास तो लागू आहे; आणि आमचे पुष्कळ उपदेशक बंधु हेंच करीत असतात.

अमेरिकेच्या सरकारानें २००८ सालीं हैदराबाद येथें आपल्या कॉन्सलची कचेरी उघडली. परदेशीं जाणाऱ्या अधिकाऱ्यांस भाषा शिकविण्याकरितां त्या सरकारची एक वेगळी शाळा आहे. इंग्रजी बोलणाऱ्यास कामापुरती तेलुगू येण्यास ४४ आठवडे, म्हणजे सुमारें ११०० तास लागतात, असा तिचा हिशेब आहे. अक्षरें गिरवावीं, कोणाच्या नांवापुढें ‘गारू’ हा आदराचा शब्द लावावा तें जाणावें, वडील बाईस ‘अक्का’ म्हणावें, आपण ज्या दिवशीं गुढी पाहतों त्याच दिवशीं तिकडे उगादि असते हें ठाऊक असावें. आणि एवढे सारे श्रम दोनतीन वर्षांच्या नेमणुकीकरितां! पुढें बदली, नवा देश, नवी भाषा. तेव्हां कोणी म्हणेल कीं हा मान नव्हे, आमिष होय. आमचा गाबीत बंधु गळास कोळंबी लावितो ती कांहीं माशाच्या प्रीतीनें नव्हे.

हा आरोप पोकळ नाहीं. कंपनी सरकारानें १८०० सालीं कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज व १८१२ सालीं मद्रासेस फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेज काढलें, तें सारा वसूल करणारे व न्याय सांगणारे साहेब तयार करण्यासाठीं. रयतेचें बोलणें कळल्यावांचून रयतेवर राज्य चालत नाहीं, एवढाच त्यांतील हेतु होता.

पण त्याच मद्रासेच्या कॉलेजांतून चार्ल्स फिलिप ब्राउन हा गृहस्थ निघाला. त्याचा बाप डेव्हिड ब्राउन कलकत्त्यास पाळक असून फोर्ट विल्यम कॉलेजाचा प्रमुख होता. मुलगा १८१७ सालीं मद्रासेस आला तेव्हां त्यास तेलुगू येत नव्हती. नोकरीच्या नियमानें ती त्यास शिकावी लागली. १८२० सालीं त्याची कडप्यास नेमणूक झाली. परीक्षा उतरल्यावर बहुतेक साहेब पुस्तक मिटीत, ह्यानें तें उघडलें. पदरचे पैसे खर्चून त्यानें पंडित ठेविले, हस्तलिखित पोथ्या जमवून एकमेकींशीं ताडून पाहविल्या. आमच्याकडे तुकारामाचे अभंग असतात तशीं वेमना कवीचीं पद्यें तिकडे साध्या माणसांच्या तोंडीं होतीं. तीं त्यानें १८२९ सालीं इंग्रजी भाषांतरासह छापिलीं. त्याचा तेलुगू-इंग्रजी कोश १८५२ सालचा. नोकरी सोडून विलायतेस परतल्यावरही त्यानें लंडनास तेलुगू शिकविली. तेव्हां तर त्यांत बढतीही नव्हती, वसूलही नव्हता. १८८४ सालीं तो वारला. कडप्यास त्याच्या नांवाचें ग्रंथालय आहे. त्याचा पगार त्याच कुणब्यांच्या साऱ्यांतून येत होता हें मात्र विसरूं नये. आणि ज्या पंडितांनीं त्याच्या चुका सुधारल्या त्यांचीं नांवें आज थोड्यांसच ठाऊक आहेत.

असें कां झालें? आम्हांस वाटतें, शिकण्याच्या कृत्यांतच कांहीं आहे. कचेरींत ज्याच्यापुढें सारे हात जोडून उभे राहतात, तोच घरीं पंडितापुढें शब्दाचें लिंग चुकतो, आणि पंडित त्यास थांबवितो. तेवढा वेळ तरी वरचा खालीं व खालचा वर होतो. कोणी तो वेळ कसाबसा काढितो; कोणी त्यानें बदलून जातो. मूळचा हेतु कोणता होता ह्यापेक्षां मनुष्य त्या घटकेस काय होतो, ह्यावर आम्ही अधिक भार देऊं.

पवित्र शास्त्रांतील दोन मनुष्यें येथें आठवतात. दानीएलास खास्दी लोकांची विद्या व भाषा तीन वर्षें शिकविली ती राजाच्या चाकरीसाठींच. ती त्यानें मनापासून घेतली, पण राजाच्या ताटांतलें अन्न घेतलें नाहीं. काय घ्यावें व काय घेऊं नये हें त्यानें स्वतः ठरविलें. योसेफाची गोष्ट निराळी. भावांची भाषा त्यास कळत होती, तरी त्यानें मध्यें दुभाषी ठेविला, आणि भाऊ त्याच्या समोर मोकळेपणानें बोलत राहिले. पुढें तो बाजूस जाऊन रडला हें खरें. तरी परक्याची भाषा येत असून न आल्यासारखें ऐकत बसणें, ही सत्ता फार मोठी आहे. ज्यास लोकांचें बोलणें समजूं लागलें, त्यानें तें समजतें असें त्यांस सांगितलें पाहिजे.

आमच्याच किनाऱ्यावरील एक उदाहरण देतों. वेंगुर्ल्यास प्रेस्बिटेरियन मिशनाच्या डॉक्टराच्या घरीं १५ ऑगस्ट १९१९ रोजीं जन्मलेला रॉबर्ट गोहीन पुढें प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, आणि १९७७ पासून १९८० पर्यंत अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीस होता. ज्या देशांत पहिला श्वास घेतला तेथेंच वकील होऊन येणें हें भाग्य थोड्यांचें. पण जन्मानें जें मिळतें त्याचें श्रेय बालकास देतां येत नाहीं. चाळिशींतला मनुष्य सरकारी शाळेच्या बांकावर बसून ‘अक्का’ म्हणावयास शिकतो, त्याचें श्रेय त्याचेंच असतें.

आतां आमच्या उपदेशकांकडे वळूं. फोंडा घाट उतरून येणारा बंधु मराठीच बोलतो, म्हणून त्यास कोणी ४४ आठवडे नेमून देत नाहीं, आणि हाच त्याचा धोका आहे. ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ हे शब्द ऐकून तो त्यांस अशुद्ध मराठी म्हणतो. ‘ता चेडू इला’ असें म्हातारीनें म्हटलें, कीं मुलीस नपुंसकलिंगांत घालून तुच्छ केलें असें त्यास वाटतें. त्यांत माया आहे हें त्यास कोण सांगणार? १९८० सालीं ‘वस्त्रहरण’ नाटकानें ही बोली मुंबईच्या रंगभूमीवर नेली, तेव्हांपासून शहरासही ती गोड लागूं लागली. त्यांतून दुसरीच खोड निघाली: पाहुणा चार मालवणी शब्द नाटकांतल्यासारखे फेकितो व आपणच हंसतो. नक्कल करणें निराळें, शिकणें निराळें.

रापण ओढावयास दोराच्या दोन्ही टोकांस माणसें हवीं असतात, आणि नवख्यास कोणी नको म्हणत नाहीं. बंधूनें पहाटे जाऊन दोरास हात लावावा आणि जाळ्याच्या प्रत्येक भागाचें नांव विचारावें. तें चुकीचें उच्चारलें तर पोरें हंसतील. हंसूं द्यावें, आणि दुसऱ्या दिवशीं तेंच नांव पुन्हां विचारावें.