दोन सेकंदांच्या आधी

बसा. गाडीवर नाही, घरातल्याच खुर्चीवर. पाठ टेकवा, पावलं जमिनीला लागू द्या. शिकवणीच्या मैदानावर पहिल्यांदा जायला अजून दोन-तीन दिवस आहेत, हेल्मेट घ्यायचं राहिलं आहे, आणि पोटात थोडी धाकधूक आहे. असू द्या. ती घालवायची घाई नको. चाळिशीत पहिल्यांदा गिअरची गाडी शिकणाऱ्याला ती वाटणारच, आणि अठराव्या वर्षी कुणाला वाटत नसेल तर मला त्याची काळजी वाटते. आजचं मनन या धाकधुकीला सोबत घेऊनच करायचं आहे.

सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या परिसरात मोटरसायकलचा अपघात झाला की अपघातांचे अभ्यासक हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी त्या जागी जाऊन पोहोचायचे. टायरच्या खुणा मोजायचे, मोडलेली गाडी तपासायचे, लोकांशी बोलायचे. असे ९०० अपघात त्यांनी तपासले आणि १९८१ साली अहवाल दिला. त्यातला एक निष्कर्ष आज आपल्याला पुरेल. धोका उभा राहिल्यापासून धडकेपर्यंत चालवणाऱ्याच्या हाती साधारणपणे दोन सेकंदही नव्हते.

आता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. सेकंदकाटा दोनदा सरकू द्या.

एवढाच वेळ. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने निघालेली गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. पहिला सेकंद समोरचं दिसणं, ते कळणं आणि हात हलणं यातच संपतो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी दीड एसटीएवढं अंतर कापून गेलेली असते. उरला दुसरा सेकंद. त्यात ठरवायला वाव नाही. त्यात हात तेवढंच करतो जे त्याला आधीपासून येतं, आणि अंगावर तेवढंच असतं जे घरातून निघताना चढवलेलं असतं.

हे एकदा शांतपणे आत उतरू द्या. भीती वाटेल, तिला थोडा वेळ द्या. मग लक्षात येईल की त्या दोन सेकंदांत आपल्या हाती फार थोडं असलं, तरी त्यांच्या आधीचा सगळा काळ आपल्या हाती आहे. आत्ता, या खुर्चीवर, तो आहेच.

हर्ट यांच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे. अपघातात सापडलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के लोक रीतसर शिकलेले नव्हते. कुणी आपलं आपण शिकलं होतं, कुणाला घरच्यांनी नाहीतर मित्रांनी शिकवलं होतं. देश वेगळा, काळ वेगळा, पण ही शिकण्याची तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. शाळेच्या मैदानावर चुलतभाऊ मागे बसतो, ‘क्लच सोड, सोड हळूहळू’ असं ओरडतो, गाडी दोन-चार उड्या मारते, आणि संध्याकाळपर्यंत माणूस चालवायला लागतो. पुढे आरटीओत आठ काढला की लायसन्स. चुलतभावाच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्याने गाडी पुढे न्यायला शिकवलं. थांबवायला, चुकवायला, वळताना कुठे बघायचं ते सांगायला त्यालाही कुणी शिकवलेलं नव्हतं. हर्ट यांनी तपासलेल्या अपघातांत बहुतेकांनी मागचा ब्रेक इतका दाबला होता की चाक घसरत गेलं, आणि पुढचा ब्रेक, जो गाडी खरी थांबवतो, तो जेमतेम वापरला होता.

म्हणून मैदान. म्हणून ते जमिनीवर मांडलेले कोन, ती छोटी गाडी आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणारे शिक्षक.

डावा हात समोर धरा. चार बोटं मिटा, जणू क्लच दाबलेला आहे. आता बोटं उघडा, पण इतकी सावकाश की उघडताहेत हे बघणाऱ्याला कळू नये. मैदानावर गाडी पहिल्या गिअरमध्ये असेल, उजव्या हाताने रेस द्यायची नाही. बोटं सैल होत जातात, काहीच होत नाही, आणि मग एका जागी इंजिनाचा आवाज किंचित खोल जातो, हँडलमध्ये बारीक थरथर येते, पुढचं चाक बोटभर सरकतं. क्लच धरतो ती ही जागा. तिथेच थांबा. आणखी सोडू नका, पुन्हा दाबूही नका. दोन्ही पाय जमिनीवरून चालत राहतील आणि गाडी चालण्याच्या वेगाने पुढे जाईल. गाडी बंद पडली तर पुन्हा चालू करा. मैदानावर मागून हॉर्न वाजवणारं कुणी नसतं, आणि फी भरून आपण खरं तर हेच मिळवत असतो. रविवारच्या बाजारातल्या गर्दीत, चढावर, पुढे रिक्षा आणि मागे टेम्पो असताना हीच जागा बोटांना न शोधता सापडायला हवी.

आता उजवा हात. बोटं पुढच्या ब्रेकवर आहेत असं समजा. लिंबू पिळताना जोर जसा वाढत जातो, तशी मूठ आवळा. हिसका नको. ब्रेक लागू लागला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढे झुकतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. वजन पुढे यायच्या आत हिसका दिला तर पकड वाढण्याआधीच चाक अडकतं. मागचं चाक त्याच वेळी हलकं होत असतं, म्हणून पाय एकट्याने गाडी वेळेत थांबवू शकत नाही. आपल्याकडे ‘पुढचा ब्रेक लावू नको, उलटशील’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तो सांगणाऱ्यांनी हिसका दिलेला पाहिला असेल, पिळलेला ब्रेक पाहिला नसेल. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. ते चाक अडकू देत नाही, पण दाबण्याचं धाडस बोटांनीच करायचं असतं. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं थांबायचं अंतर चौपट होतं, तिथे यंत्र काही करू शकत नाही.

मूठ सैल सोडा. खांदे कानांकडे चढले असतील, खाली येऊ द्या. गाडीवर आखडलेले खांदे हँडलही आखडून धरतात.

पुढचा पाठ डोळ्यांचा आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा. मान न हलवता समोरच्या जमिनीवरची एक फरशी निवडा आणि तिच्याकडेच बघत राहा. बाकीची खोली हळूहळू मावळते. रस्त्यावरच्या खड्ड्याचं असंच होतं. ‘यात जायचं नाही, यात जायचं नाही’ म्हणत आपण त्याच्याकडे टक लावतो आणि नेमके त्यातच जातो, कारण डोळे जिथे खिळतात तिकडे हात नकळत गाडी नेतात. आता नजर उचला. दाराकडे न्या, दारापलीकडे न्या. डोळ्यांबरोबर हनुवटीही वळू द्या. मैदानावर यू-टर्न घेताना शिक्षक सांगतील, कोनाकडे बघू नका, खांद्यावरून मागे बघा, जिथे निघायचंय तिथे. पहिल्यांदा हे अशक्य वाटतं, चाकाखाली काय आहे ते न बघता वळायचं कसं? पण हनुवटी वळते, मागोमाग खांदे, मागोमाग गाडी, आणि जो अर्धा रस्ता पुरत नव्हता त्यात ती फिरून येते. धोका दिसला की त्याच्याकडे नव्हे, मोकळ्या जागेकडे बघायचं. डोळ्यांच्या स्वभावाविरुद्धची ही सवय मैदानावर मुरली नाही, तर दुसऱ्या सेकंदात ती कुठून येणार?

आता अंगावर काय घ्यायचं ते पाहू.

मे १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या एका साध्या रस्त्यावर दोन सायकलवाल्या मुलांना चुकवताना ब्रिटिश सेनाधिकारी टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून फेकले गेले. वाळवंटातल्या युद्धातून सुखरूप परतलेला हा माणूस घराजवळच्या रस्त्यावर डोक्याला मार लागून सहा दिवसांनी गेला. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. केर्न्स तो मृत्यू विसरले नाहीत. त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास सुरू केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सर्वसामान्यांसाठी तिथे कायदा व्हायला १९७३ उजाडलं. हाताशी आलेल्या एका माणसाला वाचवता आलं नाही म्हणून कधीही न भेटणाऱ्या असंख्यांसाठी एक डॉक्टर वर्षानुवर्षं काम करतो. हेल्मेट हातात घ्याल तेव्हा क्षणभर त्यांची आठवण काढा.

दुकानात जायच्या आधी शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या थोडं वरून, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून फिरवा. सेंटिमीटरमधला तो आकडा लिहून घ्या. दुकानात रंग नंतर बघायचा. हेल्मेट चढवताना जरा अडलं पाहिजे. चढल्यावर गाल थोडे आत दाबले गेले पाहिजेत. ते दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवा, गालाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली तर माप बरोबर आहे. पट्टा लावा, मग मागची कड धरून हेल्मेट पुढे उलटायचा प्रयत्न करा. निघता कामा नये. आता तसंच डोक्यावर ठेवून दहा-पंधरा मिनिटं दुकानात वावरा. कपाळावर एकाच ठिकाणी टोचत असेल तर ते तुमच्या डोक्याच्या आकाराचं नाही, दुसरं मागा. दुकानदार ‘वापरून सैल होईल’ म्हणेल. गादी थोडी बसते हे खरं, पण आकार बदलत नाही.

आतला पांढरा थर्माकोलसारखा थर बोटाने हलकेच चाचपा. जीव वाचवतो तो हा. धडकेत तो चिरडतो आणि धक्का स्वतःत घेतो. एकदा चिरडला की परत फुगत नाही, वरचं कवच नवंकोरं दिसलं तरी. म्हणून अपघातातलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, आणि दुसऱ्याचं जुनं विकत घ्यायचं नाही.

मागे आयएसआयची खूण बघा. नुसती खूण पुरत नाही. तिच्यावर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक असायला हवा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये घालून कंपनीचं नाव ताडून पाहता येतं. १ जून २०२१ पासून देशात या खुणेशिवायचं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे, तरी पुलाखाली, पेट्रोल पंपाशेजारी टोप्या टांगलेल्या असतातच. त्या पोलिसांसाठी घेतल्या जातात. आपण डोक्यासाठी घेतो आहोत, आणि हनुवटी हा डोक्याचाच भाग आहे, म्हणून पूर्ण तोंड झाकणारं घ्या.

उकडतं, हे खरं आहे. नागपुरात, जळगावात मे महिन्यात फार उकडतं. पुण्यात सक्तीविरुद्ध झालेल्या वादांत मानदुखी, केस, ऐकू न येणं हे सगळं बोललं गेलं आहे. त्या तक्रारी मी खोट्या म्हणत नाही. हवा खेळायला भोकं असलेलं, नीट मापाचं आणि हलकं हेल्मेट घेतलं तर त्यातल्या बऱ्याच कमी होतात. उरतील त्या सोसायच्या.

बाकीचं झरझर सांगतो. पैसे एकदम नसतील तर हेल्मेटनंतर हातमोजे घ्या, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो आणि तळवा पहिल्यांदा टेकतो. मग घोटा झाकणारे बूट, नाडी आत खोचलेली, गिअरच्या दांडीत अडकू नये म्हणून. मग जॅकेट. साधी जीन्स आणि शर्ट डांबरावर घासत गेले की क्षणात फाटतात. जॅकेट जाळीचं घेतलंत तर उन्हाळ्यात अंगावर राहील, आणि अंगावर राहील तेच कामाचं. खांद्या-कोपरातल्या पॅडवर ईएन १६२१-१ हा मानकाचा क्रमांक आणि लेव्हल १ की २ ते छापलेलं असतं. २ चांगली, ती कमी धक्का आत जाऊ देते. पण घेताना गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करून बघा. पॅड कोपरावरून सरकलं तर लेव्हलचा काही उपयोग नाही.

आणि आता मागची सीट. डोळे मिटा आणि तुमच्यामागे कोण बसणार आहे ते आठवा. आई, बायको, नवरा, शाळेतून येणारी मुलगी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार देशात अपघातांत गेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. त्यांच्या हातात ब्रेकही नव्हता. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही, चार वर्षांवरच्या मुलालाही, हेल्मेट सांगतं. तेव्हा दुकानातून एक नाही, दोन घेऊन या, आणि दुसऱ्याचं माप घेताना ज्याचं डोकं आहे त्याला बरोबर न्या. आईचा पदर, मुलीची ओढणी खोचलेली आहे का ते निघण्याआधी मागे वळून बघा. साडी गार्ड काढून टाकायला लावू नका.

पहिल्यांदा मैदानावर जाताना पाण्याची बाटली आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट न्या. शिकवणी संपली, लायसन्स मिळालं, वर्ष सरलं, की हात थोडं विसरतो. म्हणून दरवर्षी पाऊस लागायच्या आधी एका सकाळी रिकामं मैदान शोधा. ताशी ३० च्या वेगाने या आणि दोन्ही ब्रेक एकत्र लावून थांबा. मग ४० ने. पहिल्या सरींनंतर, रस्त्यावरचं तेल वर आलेलं असताना, किती आधीपासून पिळायला लागतं ते बघायला पुन्हा तिथेच जा.