टेंभुर्णीचा फाटा आणि गवयाची मूर्ती

पुण्याहून पंढरपूरला निघालेली गाडी टेंभुर्णीला सोलापूरचा महामार्ग सोडते. मागे उजनीचं धरण, पुढे पंढरपूर. पाणी दोन्हीकडे एकाच भीमेचं, फक्त पंढरीत तिला चंद्रभागा म्हणतात. वारीच्या दिवसांत या वाटेवरच्या गाड्यांत कुणीतरी गात असतं, कधी भीमसेन जोशी, कधी प्रल्हाद शिंदे. दोघंही आता हयात नाहीत. गाडीत बसलेल्याचं त्यांच्या असण्यावाचून काही अडत नाही.

अडतं ते त्या आवाजामागचा माणूस पडद्यावर दाखवायला निघालेल्याचं. त्याच्यापुढचा पेच वारकऱ्यांच्या ओळखीचा आहे. ज्याला आकार नाही त्याला आकारात आणायचं कसं, आणि आणलंच तर हाती नेमकं काय लागतं? गवयाचं घर, तंबोरा, पानाचा डबा, शिष्यांच्या आठवणी हे सगळं सगुण. लागला आणि विरला तो स्वर मात्र कॅमेऱ्याच्या कुठल्याच कोनात बसत नाही.

जब्बार पटेल यांचा जन्म १९४२ सालचा, पंढरपूरचा. पेशाने ते मुलांचे डॉक्टर, दौंडला त्यांनी दवाखाना चालवला. म्हणजे याच पट्ट्यातला माणूस. कुमार गंधर्वांवर त्यांनी माहितीपट केला, ‘हंस अकेला’. नाव निर्गुणी भजनातून उचललेलं. विटेवरच्या सगुणाच्या गावी जन्मलेल्या दिग्दर्शकाने निर्गुण गाणाऱ्याचं चित्र काढावं, हा योगायोग असेल. पण गोड आहे.

कुमारजींचं आयुष्य चरित्रकाराला मोहात पाडणारं. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्म. कोवळ्या वयातच ‘गंधर्व’ म्हणून नाव झालं, पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे तालीम मिळाली. १९४७ मध्ये भानुमतींशी लग्न, आणि पाठोपाठ क्षय. हवापालटासाठी १९४८ च्या सुमारास ते माळव्यातल्या देवासला आले. एक फुप्फुस निकामी, गाणं बंद. पुढची पाच-सहा वर्षं हा माणूस गायला नाही. खाटेवर पडून ऐकत राहिला. रस्त्याने जाणाऱ्या बायकांची गाणी, जोग्यांची भजनं, बाजाराचा गलका. लोकधुनांतून उगवलेल्या धुनउगम रागांची आणि निर्गुणी गायकीची मुळं याच ऐकण्यात आहेत. म्हणजे या गायकाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना तोंड मिटलेलं असताना घडली. ती चित्रित कशी करणार? खिडकी दाखवता येते, टेकडी दाखवता येते. ऐकणं दाखवता येत नाही.

महिपतीबुवा ताहराबादकरांच्या हाती ही कथा पडती, तर इथे देव धावून आला असता. १७६२ साली ‘भक्तविजय’ हा संतचरित्रांचा ग्रंथ लिहिणारे महिपती हे आपल्याकडच्या व्यक्तिचित्रपटाचे पूर्वज म्हणायला हरकत नाही: बालपण, गुरू, संकट, साक्षात्कार हा साचा गवयांवरच्या पुष्कळशा माहितीपटांत अजून टिकून आहे. देवासला धावून आलं ते स्ट्रेप्टोमायसिन. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते औषध मिळालं, सेवेला भानुमती होत्या, आणि १९५३ मध्ये कुमारजी पुन्हा मैफलीत बसले. श्वास तोकडा, म्हणून तुकड्या-तुकड्यांची झडप घालणारी गायकी. काहींना त्यात अध्यात्म दिसतं, काहींना फुप्फुस. दोन्ही खरं असायला काय हरकत आहे?

मणी कौल यांनी ‘सिद्धेश्वरी’ या माहितीपटात (१९८९) हा पेच लपवलाच नाही. मिता वशिष्ठ या अभिनेत्रीला त्यांनी गायिका सिद्धेश्वरीदेवींच्या जागी उभं केलं, आणि शेवटी तीच टीव्हीच्या पडद्यावर खऱ्या सिद्धेश्वरीदेवींना गाताना बघते. मूर्तीसमोर मूर्ती. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, आणि आषाढीला ज्यांना दोन्ही जमत नाही ते नामदेव पायरीशी माथा टेकून कळसाला हात जोडतात. त्यांची वारी कुणी अपुरी धरत नाही. कळसाकडे बघणाऱ्याला आपण नेमकं काय बघतोय ते ठाऊक असतं. माहितीपट बघणाऱ्याला ते नेहमीच ठाऊक असतं असं नाही. पडद्यावर चेहरा इतका जवळ येतो की गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटू लागतं.

खुद्द कुमारजींनी एका गायकाचं व्यक्तिचित्र काढलं होतं, कॅमेऱ्याशिवाय. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात नारायणराव राजहंसांचे, म्हणजे बालगंधर्वांचे, शालू, नथ, अत्तरं, कर्ज सगळं हौसेनं मांडलेलं आहे. कुमारजींनी त्यातलं काहीच घेतलं नाही. नारायणरावांची पदं घेऊन ते मैफलीला बसले, हुबेहूब नक्कल टाळली, आपल्याच आवाजात गायले. आणि कार्यक्रमाला नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’.