खड्डा, खडी आणि हजेरीपट

ब्रिटनमध्ये दर काही वर्षांनी एक सूचना डोकं वर काढते. रस्त्यांची चाळण झालेली आहे, स्थानिक कौन्सिलांच्या तिजोऱ्या रिकाम्या आहेत आणि लाखो धडधाकट माणसं सरकारी भत्त्यावर जगतायत. मग द्या की त्यांच्या हातात फावडं! इंग्लंड-वेल्समधल्या स्थानिक रस्त्यांची तुंबलेली दुरुस्ती उरकायला २०२४च्या अंदाजाप्रमाणे १,६३० कोटी पौंड लागले असते. एवढा आकडा ऐकल्यावर कुणालाही वाटणारच, की भत्ता तर द्यायचाच आहे, मग निदान खड्डे तरी बुजवून घ्या.

आपल्याकडे भत्ता वेगळा, पण सूर हाच. २०२४मध्ये लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये जमा व्हायला लागल्यावर ‘फुकट कशाला, कामाला लावा’ असं म्हणणारे घरोघरी निघाले. म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आयुष्यात घमेलं उचललेलं नसतं, ही गोष्ट तूर्त सोडून देऊ.

सूचना वाईट हेतूने केलेली नसते. अडचण अशी, की तिच्यावर नवा प्रयोग करण्यासारखं काही उरलेलं नाही. पावणेदोनशे वर्षांत तो अनेकदा होऊन गेला आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्याच मातीत झाला.

पहिला मोठा धडा आयर्लंडचा. बटाट्यावर रोग पडला, १८४६च्या हिवाळ्यात लोक उपाशी मरू लागले, आणि लंडनच्या अर्थखात्यात बसलेल्या चार्ल्स ट्रेव्हेलियन यांच्या देखरेखीखाली ‘काम करा, मग पैसे घ्या’ अशी मदत सुरू झाली. काम म्हणजे मुख्यतः रस्ते. मार्च १८४७मध्ये सात लाखांहून जास्त माणसं या कामांवर होती. कुणा खासगी मालकाचा फायदा व्हायला नको म्हणून शेतजमीन सुधारणारी कामं सुरुवातीला वर्ज्य ठेवली होती. त्यामुळे झालं काय, तर गरज असो-नसो, रस्ते खोदले गेले. टेकडीवर चढून मध्येच थांबणारे, कुठल्याही गावाला न जाणारे रस्ते आयर्लंडमध्ये अजून दाखवतात. मजुरी कामाच्या मापावर होती. उपाशी माणसाचं माप भरत नाही, माप भरलं नाही की मजुरी कमी, मजुरी कमी म्हणजे पुन्हा उपास. शेवटी सरकारनेच ती कामं बंद केली आणि सूप वाटायला सुरुवात केली. हेच ट्रेव्हेलियन पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले आणि नंतर हिंदुस्थान सरकारचा अर्थखात्याचा कारभार पाहू लागले.

त्या रस्त्यांचा हेतू दळणवळण हा नव्हताच. माणूस खरोखर नडलेला आहे की नाही, हे पारखायचं होतं. काम जेवढं कष्टाचं, मजुरी जेवढी तुटपुंजी, तेवढे ‘खोटे’ गरजू गळून पडतील, असा हिशेब होता. इंग्लंडच्या १८३४च्या गरीब कायद्यामागे हाच विचार होता, आणि तिथल्या वर्कहाउसांत गरिबांकडून रस्त्याची खडीही फोडून घेतली जाई.

तो हिशेब १८७६-७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये आला. सरकारी अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढी खाली आणली. मजुराने घरापासून दहा मैलांहून लांबच्या कामावर जावं, अशी अट आली, म्हणजे खरोखर मरायला टेकलेलाच येईल. पण मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी मजुरांनी चक्क कामं सोडली. पोटात अन्न नसलेल्या माणसांनी संप केला! पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारला निवेदनांवर निवेदनं धाडली. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातलं हे एक फार मोठं पान आहे. पाठ्यपुस्तकात त्याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी.

आता १९७२. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला, त्यांच्या बोलण्यात तीन गोष्टी हमखास येतात: लाल मिलो, सुकडी आणि खडी. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती, त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. इतकी माणसं, इतक्या झटपट कामाला लावायची, तर अधिकाऱ्यांना सगळ्यांत सोपं काय? दगड आणा आणि फोडायला बसवा. गावोगाव खडी फोडण्याचं काम निघालं. त्या दुष्काळी कामांनी लाखो माणसं जगवली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण त्या खडीचे ढीग पुढे कित्येक वर्षं रस्त्याकडेला गवतात पडून होते, हेही खरं. खडी फोडली, पण ती पसरायला रोलर नव्हता, मोऱ्या बांधायला सिमेंट नव्हतं, डांबराला तरतूद नव्हती. माणसं भरपूर असली की रस्ता होतो, हा समज त्या ढिगांखाली गाडला जायला हवा होता.

याच काळात महाराष्ट्राने एक असं पाऊल उचललं, की त्याची बरोबरी त्या वेळी जगात फार कुणी केलेली नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आपल्या तासगाव तालुक्यात साठच्या दशकात आधी प्रयोग करून पाहिलेली कल्पना राज्याने रोजगार हमी योजना (रोहयो) म्हणून घेतली. १९७७मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. पैसा कुठून आला? १९७५पासून पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर हा त्यातला मोठा स्रोत, आणि तेवढीच भर सरकारची. आज पगारपत्रकावर दोनशे रुपयांची कपात दिसते तेव्हा मुंबई-पुण्याच्या नोकरदाराला तिचं मूळ आठवत नाही. शहराने गावातल्या रिकाम्या हातांसाठी द्यायचा तो पैसा होता.

‘मागेल त्याला काम’ ही रोहयोची ओळख. या तीन शब्दांनी टेंपलचा हिशेब उलटा केला. आधी सरकार गरिबाला विचारत होतं, ‘मदत हवी ना? मग काम करून दाखव.’ आता गरीब सरकारला विचारणार, ‘काम हवंय, कुठे आहे दाखव.’ त्यासाठी त्याने अर्ज भरायचा, सरकारने पंधरा दिवसांत काम काढायचं, नाही काढलं तर बेकारभत्ता द्यायचा. भत्ता इथेही आहे. पण ब्रिटनमध्ये भत्ता घेणाऱ्याने कामाला नकार दिला तर त्याला दंड. इथे काम देता आलं नाही म्हणून सरकारला दंड. हातातलं फावडं दोन्हीकडे तेच असलं, तरी ते कुणी कुणाकडे मागितलं यावर सगळं ठरतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्याचा पुरावा कायद्याइतकाच रस्त्यावरही सापडतो.

कायद्यातला पुरावा आधी. राजस्थानात दुष्काळी काम म्हणून मदनगंज-हरमाडा रस्ता बांधला जात होता. मजूर बहुतेक बायका. वीस-वीसच्या टोळ्या, पंधरवड्याला टोळीच्या एकूण कामाचं माप, आणि हातात पडणारा पैसा त्या वेळच्या सात रुपये किमान वेतनापेक्षा कमी. दुष्काळी कामांना कामगार कायद्यांतून सूट देणारा राज्याचा कायदाच होता. तिलोनियाच्या संजित रॉय यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि १९८३मध्ये न्या. भगवती यांनी सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३खाली सक्तीची मजुरी आहे, दुष्काळाचं निमित्त सांगून ती चालणार नाही. त्यांचा युक्तिवाद साधा होता. हा रस्ता लोकांच्या उपयोगाचा आहे, तो उभा राहतोय या बायकांच्या घामातून. मग त्यांना मिळतं त्याला खैरात कसं म्हणायचं?

तीस वर्षांनी लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे त्याच जातीचा प्रश्न आला. २०११पासून तिथे काही भत्ताधारकांना आठवड्याला तीस तासांपर्यंत विनावेतन काम सक्तीचं झालं होतं, नकार दिला तर भत्ता बंद. पंचविशीपुढच्या बेकाराचा भत्ता तेव्हा आठवड्याला साडेसदुसष्ट पौंड होता. म्हणजे तासाला सव्वादोन पौंड पडतात, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात किमान वेतन तासाला सहा पौंड आठ पेन्स झालं होतं. भूगर्भशास्त्राची पदवी घेतलेल्या एका तरुणीला स्वस्त मालाच्या दुकानात असंच राबवलं, ती कोर्टात गेली. २०१३मध्ये न्यायालयाने सरकारचे नियम सदोष ठरवले, पण ही सक्तीची मजुरी नव्हे असंच म्हटलं. सरकारने तोवर मागच्या तारखेपासून लागू होणारा कायदा संसदेकडून करून घेतलाही होता. मानवी हक्कांवर आपल्याला धडे देणाऱ्या देशापेक्षा या एका बाबतीत आपलं न्यायालय पुढे गेलं, हे नोंदवताना मला थोडा आनंद होतो. तो लपवत नाही.

गंमत म्हणजे एवढी सक्ती करून हाती काय लागलं? ब्रिटनमध्ये भत्ता देणाऱ्या खात्याच्याच २०१२च्या पाहणीत अशा सक्तीच्या कामाने लोकांना नोकरी मिळण्यावर काही परिणाम झालेला दिसला नाही. २०१४मध्ये सहा महिन्यांच्या सक्तीच्या कामाची आणखी एक योजना काढली, दोनेक वर्षांत तीही गुंडाळली.

पण आपण फार छाती फुगवायचं कारण नाही. १९८८मध्ये रोहयोची मजुरी शेतीच्या किमान वेतनाच्या बरोबरीला आणावी लागली, दर जवळपास दुप्पट झाले. पुढच्या वर्षांत कामावरची माणसं घटली. लोकांना काम नको झालं होतं असं नव्हे. कामंच काढली जाईनात, असं अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. हमी कागदावर, नळ अधिकाऱ्याच्या हाती. काम मागायला गेलेल्या माणसाला अर्जाची पोच द्यायचीच नाही, म्हणजे पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, ही युक्ती तहसीलच्या आवारात ज्याने फेऱ्या मारल्यात त्याला सांगायला नको. आणि अलीकडच्या पाणंद रस्त्यांबद्दल गावात ऐकू येणारी तक्रार तर सर्वांच्या ओळखीची आहे: हजेरीपटावर माणसं, कामावर जेसीबी.

आता रस्त्याकडे. खड्डा बुजवणं हे अडाणी काम आहे, कुणीही करेल, हे ज्याला वाटतं त्याने एकदा नीट बुजवलेला खड्डा आणि घमेलंभर माल टाकून थोपटलेला खड्डा पहिल्या पावसानंतर पाहावेत. खड्ड्याच्या कडा उभ्या कापाव्या लागतात, सैल माल काढावा लागतो, आत डांबराचा हात द्यावा लागतो, दीडशे अंशांच्या आसपास तापलेला माल गार व्हायच्या आत दाबावा लागतो. आणि खड्ड्याचं मूळ बहुतेक वेळा खड्ड्यात नसतंच. ते बाजूच्या तुंबलेल्या गटारात असतं. ब्रिटनमध्ये मुरलेलं पाणी गोठून फुगतं आणि डांबर फोडतं, आपल्याकडे पावसाळाभर साठून रस्त्याचा पाया सैल करतं. म्हणून साइडपट्टी तासणं, गटार मोकळं ठेवणं, मोरीत अडकलेला पालापाचोळा काढणं ही खरी दुरुस्ती. ती हातानेच होते, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून तो संपेपर्यंत रोज करावी लागते.

हे काम करणारा माणूस आपल्याकडे होता. बांधकाम खात्याचा मैलकुली. ठरलेला टप्पा त्याच्या जिम्म्याचा; कुठल्या वळणावर पाणी साचतं, कुठली मोरी आधी तुंबते, हे त्याला तोंडपाठ. खात्याने ही पदं भरणं हळूहळू सोडून दिलं, आणि त्याच्या जागी आलं वार्षिक टेंडर. बेकारांना आणून हे भोक बुजणार नाही. मदतीचं काम उन्हाळ्यात, शेतात काही नसताना निघतं. रस्त्याला माणूस लागतो पावसाळ्यात, नेमका तेव्हा मजूर पेरणी-खुरपणीत असतो. शिवाय ज्याला चार आठवड्यांनी हाकलायचंय, तो मोरीची खोड कशाला लक्षात ठेवेल?

अमेरिकेत १९३५ ते १९४३ या काळात डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेने पंच्याऐंशी लाख बेकारांना काम दिलं आणि साडेसहा लाख मैलांच्या आसपास रस्ते बांधले किंवा दुरुस्त केले. तिथेही कामचुकारपणाचे विनोद झालेच. पण ते लोक पगारी होते, त्यांच्यावर अभियंते होते, साहित्याला पैसा होता. ते रस्त्याचं काम होतं, गरिबीची परीक्षा नव्हती.

तेव्हा बेकार माणसांना रस्त्याच्या कामावर घ्यायला माझा मुळीच विरोध नाही. जरूर घ्यावं, किमान वेतनावर, शिकवून, निदान वर्षभरासाठी, आणि नकार देणाऱ्याचा भत्ता न कापता. मैलकुलीची पदं पुन्हा भरली तर गावातल्या बऱ्याच पोरांना तालुक्याबाहेर जावं लागणार नाही. वाचकांना एकच सांगणं. पुढच्या ग्रामसभेला गेलात तर रस्त्याच्या कामाचा हजेरीपट मोठ्याने वाचायला सांगा, आणि ज्यांची नावं निघतील त्यांना तिथेच विचारा, पैसे हातात किती दिवसांनी पडले.